डावा पाय

धान अर्धं कापून झालं होतं आणि अर्धं बांधीत उभं होतं, तेव्हा प्रेमिलानं विळा खुंटीला अडकवला आणि ओसरीवरच्या नवऱ्याकडे मान करून सुनेला सांगितलं, "यंदा मी जातो यायच्यासंग."

रोशनी चूल फुंकत होती. फुंकणी तशीच हातात धरून तिनं विचारलं, "कुठी?"

"मंडईले."

"कोणत्या मंडईले?"

"साऱ्याच."

दिवाळी झाली की कुही-मौद्यापासून पार भंडाऱ्यापर्यंत गावोगाव मंडया भरतात. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, जिलेबीच्या कढया चढतात आणि भर दुपारी मांडवात खडी गंमत, म्हणजे इकडचा तमाशा, उभी राहते. शाहीर उभा, ढोलकीवाला उभा, टुणटुण्यावाला उभा आणि त्यांच्या पुढे लुगडं नेसून, पायात चाळ बांधून नाचणारा नाच्याही उभा. भैय्याजी शाहिराच्या पार्टीत प्रेमिलाचा नवरा रुपराव नाच्या होता. लग्नाच्या आधीपासून होता. तो मंडयांना जायचा आणि इकडे प्रेमिला धान कापायची, असंच त्यांच्या संसाराचं वेळापत्रक पडून गेलं होतं.

यंदा गोष्ट त्याच्या गुडघ्याची होती. रामदासपेठेतल्या डॉक्टरनं डाव्या गुडघ्याचा फोटो उजेडावर धरला आणि म्हणाला, आतली गादी पार झिजली आहे, दिवाळीनंतर ऑपरेशन करून टाकू, तोवर उभं कमी राहा. आता उभं राहण्यावरच ज्याचं पोट, त्याला उभं कमी राहा म्हणणं म्हणजे हलवायाला साखर सोड म्हणण्यासारखं. रुपरावनं मान डोलावली. बाहेर येऊन पायऱ्या एकेक करत उतरला आणि खाली आल्यावर बायकोला म्हणाला, "मंडया होऊन जाऊ दे. मंग कापू दे त्याले."

मुलगा सुशील दिवाळीला घरी आला होता. तो लकडगंजात लाकडाच्या वखारीत कामाला होता. बाप शेती करतो एवढंच त्यानं वखारीत सांगून ठेवलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. आईचं ऐकून तो वैतागला.

"तू काहून जाऊन राहिली? त्याइलेच घरी ठेव ना."

"तू ठेवून पाह्य."

सुशील ओसरीवर बसलेल्या बापाकडे गेला, थोडा वेळ उभा राहिला आणि मोबाइल पाहत परत आला. तेवढीच त्याची मजल होती.

जायला हरकत एकच होती, आणि ती प्रेमिलाच्या मनात होती. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की नाच्याच्या बायकोनं नाच पाहायचा नसतो. तू पाहशील तर त्याले लाज येईन, लाज आली का पाय थांबन, अन् पाय थांबला का खाशील काय. गावातल्या मंडईतसुद्धा प्रेमिला त्या दिवशी घरात कोंडून घ्यायची. नवऱ्याला लुगडं तीच नेसवून द्यायची, अंबाडा तीच घालायची, कुंकू तीच लावायची आणि दार लावून आत बसायची. ज्या बाईला सारा मुलूख पाहायचा तिला प्रेमिलानं फक्त घरातून निघताना पाठमोरं पाहिलं होतं.

"मी तिकडे पाठ करून बसन," ती रुपरावला म्हणाली. "तेल लावाले येतो फक्त."

"तुई मर्जी," रुपराव म्हणाला. पण तो बरं वाटल्यासारखा म्हणाला.

छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोत पुढे भैय्याजी बसायचा. गाडी ढोलकीवाला दुर्गेशच चालवायचा. मागे टुणटुण्यावाला लहानू, ढोलकी, पेटारा, आणि रुपराव डावा पाय लांब करून. त्याच्या शेजारी प्रेमिला, मांडीवर जवसाच्या तेलाची बाटली धरून. कापलेल्या धानाचा वास येई, रस्त्यावरचे खड्डे येत, प्रत्येक खड्ड्याला रुपरावचा ओठ आत जाई. लहानू झोपून राही. त्याला कुठंही झोप लागते हे लोक कौतुकानं सांगत.

पहिल्या गावात शाळेची एक खोली दिली होती. प्रेमिलानं बाकांच्या आडोशाला लुगड्याची कड धरून नवऱ्याला नेसवलं. गुडघ्याचा पट्टा आत झाकला. दाढी करून करून त्याचे गाल निबर झाले होते, त्यावर पावडर बसेना, म्हणून तिनं पदराचं टोक ओलं करून पुन्हा पुसलं. खिडकीत पोरं चढली होती. "ये बाई, इकडे पाह्य ना," एकजण म्हणाला आणि बाकीचे खिंकाळले. रुपरावनं त्यांच्याकडे पाहून डोळा मारला. खिडकी आनंदानं कोसळायची बाकी राहिली. प्रेमिलानं मान खाली घालून चाळ बांधले. हे त्याचं काम आहे, तिनं स्वतःला सांगितलं, आपलं काम चाळ बांधायचं आहे.

मग ती शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून, मांडवाकडे पाठ करून बसली. समोर तुरीचं वावर होतं. मागून ढोलकी सुरू झाली, भैय्याजीचा चिरका आवाज लागला आणि त्याखालून चाळ वाजले. तेव्हा तिला कळलं की पाहिलं नाही तरी ऐकता येतं. उजवा पाय पडे तो भरून पडे. डावा पाय अर्धा श्वास मागून येई, त्याचा आवाज पातळ येई. ती तुरीकडे पाहत डावा पाय ऐकत राहिली.

दुपार उतरेपर्यंत नाच चाले. नंतर जेवण. मंडईचे मानकरी पार्टीला पंगतीत बसवत, पण रुपराव लुगड्यातच असेल तर त्याचं पान जरा बाजूला मांडत. पुरुषांत कसं बसवावं आणि बायांत तरी कसं, हा प्रश्न त्यांनाही दरवर्षी पडत असावा. तसा तो लघवीच्या जागेचाही पडे. रुपराव लुगडं सावरत दूर नाल्याकडे लंगडत जाई आणि मागून कोणीतरी शीळ घाले. एका गावात घरधनीण वाढायला आली. तिनं प्रेमिलाला आलू-वांग्याचा रस्सा वाढला, भात वाढला आणि हळूच विचारलं, "तुमी त्यायची बहीण काय जी?"

"बायको."

"बापा," ती बाई म्हणाली, आणि पुन्हा एकदा भात वाढून गेली. प्रेमिलानं तो भात पानाच्या कडेला सारला. इतकी वर्षं हा माणूस असा एकटा जेवला, आणि घरी येऊन एकदाही बोलला नाही, याचा तिला राग आला.

संध्याकाळी ती शाळेच्या ओसरीवर त्याचा पाय चोळायला बसली. गुडघा तापला होता, बोट दाबलं की खड्डा पडून राही.

"आता घरी जाऊ," ती म्हणाली.

"वाकेघाट झालं का जाऊ."

"वाकेघाटले काय सोनं ठेवलं हाये?"

रुपराव हसला. "तुले ठाऊक हाये. दुय्यम हाये तिथी."

ठाऊक होतं. दुय्यम म्हणजे दोन पार्ट्या एकाच मांडवात समोरासमोर. यांनी सवाल टाकायचा, त्यांनी जवाब द्यायचा, दुपारभर. वाकेघाटचा नियम जुना आणि कडक. गंमत खडी आहे, म्हणून खडंच राहायचं. ज्या पार्टीच्या माणसाचा हात किंवा बूड जमिनीला टेकलं ती पार्टी हरली, आणि हरलेल्या पार्टीला वाकेघाट पुन्हा बोलावत नाही. भैय्याजीच्या बापापासून वाकेघाट या पार्टीकडे होतं. समोर कितीतरी पार्ट्या आल्या आणि बसून गेल्या.

"तिथी बसले तुम्ही, तं?"

"नाई बसत."

"पाय मोडन."

"मोडन तं मोडन. ऑपरेशन करूनच राह्यलो ना."

"डॉक्टरनं सांगतलं, हाड घासलं तं ऑपरेशनचाही फायदा नाई. मंग काठीच."

मांडवाच्या लाकडी बल्ल्या उखडायचं काम समोर चालू होतं, ते रुपराव पाहत राहिला. मग म्हणाला, "घरी बसून मी काय करू वं? धानाच्या बांधीत मले कोण ओळखते? तू माह्यापेक्षा दुप्पट कापतं. सुशील मले पाहून रस्ता बदलते. मंडईतच मी काहीतरी हावो."

प्रेमिलानं आणखी तेल घेतलं.

वाकेघाटला ते पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. कार्तिकातलं ऊन दिसायला गरीब असतं आणि डोक्यात शिरतं. समोरची पार्टी ताराचंद शाहिराची होती आणि त्याच्याकडे नाच्या नव्हताच. जरीपटक्याहून आणलेली एक मुलगी होती, मोनाली, जीन्सवर शर्ट घातलेली, डोळ्यांखाली काळं. आता बहुतेक पार्ट्या मुलीच आणत होत्या. भैय्याजीही वर्षभर त्याच विचारात होता, पण रुपराव उभा आहे तोवर नको म्हणत थांबला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शाळेची खोली दोन्ही पार्ट्यांत एकच होती. मोनाली तयार होता होता उठली आणि येऊन रुपरावच्या पाया पडली.

"मी तुमचाच व्हिडिओ पाहून शिकलो काका. तो पदर खोचाचा हाये ना, तो मले अजून नाई जमत."

रुपराव लाजला. खरंच लाजला. प्रेमिलानं त्याला असं लाजताना पाहिलं नव्हतं.

"काकू, तुम्ही तं रोजच पाहत असान," मोनाली म्हणाली.

"मी नाई पाह्यत," प्रेमिला म्हणाली आणि चाळाची गाठ ओढली. डाव्या पायाला ती सैल बांधली होती. तरी ती मांसात गेली.

ती शाळेच्या भिंतीमागे जाऊन बसली. इथे समोर वावर नव्हतं, एक बंद पडलेला हातपंप होता. सवाल सुरू झाले. ताराचंदनं पुराणातलं काहीतरी विचारलं, भैय्याजीनं फिरवून जवाब दिला. लोक ओरडले. मोनाली नाचली, मग रुपराव नाचला, मग पुन्हा मोनाली. सावली हातपंपाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेली. प्रेमिला डावा पाय ऐकत होती. तो आधी मागून येत होता. मग फारच मागून. मग एक पडे, एक गळे. मग गाणं थांबवून शाहीर आणि नाच्या यांची बतावणी सुरू झाली, म्हणजे नवरा-बायकोचं खोटं भांडण, आणि डावा पाय ऐकूच येईना.

लोक मात्र हसत होते. असे हसत होते की पत्रे वाजावेत. डावा पाय बंद आणि लोक हसतात, याचा मेळ तिला लागेना. एकदा ती उठली आणि बसली. दुसऱ्यांदा उठली तेव्हा भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत गेली. सासू डोक्यात बोलत होती. तिनं सासूला मनातल्या मनात म्हटलं, बाई, तुमी तं गेल्या सुटून, आणि वळून पाहिलं.

मांडवात एक बाई होती. ती शेतातून आली होती. मनगटाच्या मागच्या बाजूनं कपाळ पुसत होती, कारण बोटांना चिखल होता. नसलेल्या कोंबड्यांना तिनं हुसकलं. मग नवऱ्यानं काहीतरी चढं बोलल्यावर तिनं पदर ओढला आणि डाव्या कमरेला दोन हिसक्यांत खोचला, पहिला हिसका लहान, दुसरा मोठा, आणि मान किंचित वाकडी करून म्हणाली, "बोलून झालं असन तं पाणी देऊ?"

लोकांत हशा फुटला. हे वाक्य प्रेमिलाचं होतं. हा पदर तिचा होता, ही वाकडी मान तिची. चालताना खांदा आधी पुढे नेण्याची खोडसुद्धा तिचीच. घरी ताटावरून मान वर न करणाऱ्या या माणसानं तिला इतकं पाहिलं होतं, इतकं बारीक पाहिलं होतं, की ती कुठं संपते आणि तो कुठं सुरू होतो ते सांगता येऊ नये. सारी वर्षं लोक ज्या बाईवर शिट्ट्या मारत होते ती आपणच होतो. तिला आधी चोरी झाल्यासारखा राग आला. त्याच्या मागोमाग जे आलं त्यानं तिचे डोळे भरले, आणि ते तिनं मनगटाच्या मागच्या बाजूनं पुसले.

मग बाई घागर उचलायला वाकली आणि अर्ध्यात अडकली.

तिनं डाव्या हातानं मांडवाची बल्ली धरली. ओठ आत घेतले. मान उजवीकडे टाकली आणि अंग वर ओढलं, गुडघा थरथरला, ती पुन्हा खाली आली, पुन्हा ओढलं. जमिनीपासून हात वीतभर राहिला होता. लोक हसून हसून एकमेकांवर पडत होते. म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या. भैय्याजीला वाटलं रुपरावनं नवीन काहीतरी काढलं. त्यानं दुर्गेशला खूण केली, दुर्गेशनं ढोलकीवर वाकण्याचा आणि उठण्याचा ठेका धरला, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "वन्समोर". साऱ्या मांडवानं ते उचललं.

रुपराव पुन्हा वाकला. लोकांनी मागितलं की द्यायचं, हे त्याच्या अंगात भिनलं होतं.

प्रेमिलाला तिथली प्रत्येक हालचाल आता ओळखता येत होती. कपाळ पुसणं तिचं, पदर तिचा, खांदा तिचा. हे बल्ली धरणं मात्र तिचं नव्हतं. रोज सकाळी खाटेचा पाय धरून, ओठ आत घेऊन, मान उजवीकडे टाकून जो उठत होता, तो तिचा नवरा होता. एवढ्या माणसांत त्याची पार्टीसुद्धा त्याला ओळखत नव्हती.

ती मांडवात शिरली. लोकांना वाटलं हाही खेळच, त्यांनी वाट दिली.

"वहिनी, बाहेर व्हा," भैय्याजी दातांखालून म्हणाला.

ती रुपरावसमोर उभी राहिली. पावडरमधून घामाचे ओघळ आले होते, काजळ गालावर उतरलं होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"तू काहून आली?"

"बसा."

"जा ना वं. दोनच पदं राह्यली."

"बसा म्हणतो ना."

"पार्टी जाईन."

"जाऊ द्या."

"लोक पाहून राह्यले."

"मीबी पाहून राह्यलो," प्रेमिला म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं जोर लावला नव्हता. हे तिला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं, की हात नुसता ठेवला होता आणि तो खाली बसला. बल्ली हातातून सुटली, लुगडं मातीत पसरलं, पाय आडवा झाला. चाळ एकदाच वाजले.

एकजण अजून हसत होता, त्याला शेजाऱ्यानं गप्प केलं. मग ताराचंदच्या ढोलकीवाल्यानं जिंकल्याची थाप दिली. ती थोडी उशिराच पडली, पण पडली. नियम तो नियम. वाकेघाटच्या मानकऱ्यांनी नारळ ताराचंदच्या हातात दिला आणि भैय्याजीकडे पाहायचं टाळलं.

मोनाली कुल्फीवाल्याकडून बर्फ घेऊन आली, फडक्यात बांधून. "गुडघ्यावर धरा काकू," म्हणाली आणि तिथेच उकिडवी बसून राहिली. तिच्या शाहिरानं दोनदा हाक मारली तेव्हा गेली.

भैय्याजी गाडीपाशी उभा होता. त्यानं फेटा काढला होता, टकलावर घाम होता.

"बापाच्या वेळपासून वाकेघाट आपलं होतं, वहिनी."

"होतं जी."

"तुमी बसवलं आमाले. पाच मिनिटं थांबल्या असत्या तं..."

"तुमाले त्यायचा पाय दिसला नाई, भैय्याजी. वन्समोर दिसला."

भैय्याजीनं दुर्गेशला रुपरावचे पाय धरायला सांगितलं आणि स्वतः खांद्यांत हात घातले. दोघांनी मिळून त्याला मागे चढवलं. निजवताना भैय्याजीनं स्वतःचा फेटा गुंडाळून त्याच्या गुडघ्याखाली सरकवला आणि पुढे जाऊन बसला. पुढच्या वर्षी पार्टीत मुलगी येणार हे आता कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

गाडी निघाली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मंडईतून परतणाऱ्या बाया रस्त्याच्या कडेनं चालल्या होत्या, पोरांच्या हातात फुगे होते. त्यांनी गाडीत आडव्या पडलेल्या नऊवारीतल्या माणसाकडे पाहिलं आणि हात केला. रुपरावनं सवयीनं हात हलवला. लहानू झोपला होता. प्रेमिला रुपरावच्या पायाशी बसून बर्फ धरत होती. तो मार खाल्ल्यासारखा वर पाहत पडला होता, आणि ती मनात शब्द जुळवत होती. तो म्हणेल, तू माझं होतं ते घालवलं. तिला म्हणायचं होतं, घालवलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालवीन.

मग त्यानं मान तिच्याकडे वळवली. "कुठून पाह्यलं तू?"

"कपाळ पुसलं तिथून."

"म्हणजे पदर पाह्यला?"

"पाह्यला."

गाडी एका खड्ड्यातून गेली. त्यानं ओठ आत घेतला आणि सोडला.

"मंग? कसं होतं?"

प्रेमिलाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. वाकेघाट गेलं, पार्टीतली जागा गेली, पाय राहतो की जातो याचा पत्ता नाही, आणि हा माणूस हे विचारत होता. पण त्याचे डोळे तिच्या तोंडावर होते, आणि मांडवातल्या एकाही माणसाकडे त्यानं असं पाहिलं नसेल. मग तिला कळलं की एवढ्या मंडयांमध्ये हे त्याला कधी कोणाला विचारताच आलं नव्हतं. ज्या बाईला विचारायचं ती दरवर्षी दाराआड बसलेली.

खोटं बोलावं असं तिला वाटलं नाही.

"बाई हुबेहूब होती," ती म्हणाली. "माणूस दमला होता."

रुपरावनं डोळे मिटले. काजळ पापण्यांच्या कडेनं कानाकडे चाललं होतं.

"हौ," तो म्हणाला. "लय दमलो वं."

असं तो आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. तिनं त्याचा पाय मांडीवर घेतला आणि चाळाची गाठ शोधू लागली. ती सुजेत पार रुतली होती. नखांनी निघेना, तेव्हा तिनं वाकून दातांत धरली आणि ओढली.